हरवलेला कोनाडा

१

“देव उचललेस की तोंड मिटायचं, जमना. नव्या जागी बसवून निरांजन लावेपर्यंत एक शब्द नाही. बोललीस तर देव वाटेतच थांबतात.”

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हे सांगतानाचा त्यांचा आवाज जमनाबाईंच्या कानात तसाच होता. काल त्यांनी तो नियम अक्षरशः पाळला होता. शिवाजीनगरच्या भाड्याच्या घरातून कुळाचे चांदीचे टाक पदराखाली घेऊन त्या निघाल्या. रिक्षावाल्याला पत्ता देव उचलायच्या आधीच सांगून ठेवला होता. होसूर रस्त्याच्या आतल्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या आपल्या घरी पोचेपर्यंत त्यांचे ओठ मिटलेले होते. कोनाड्यात खंडोबा, भवानी, घराण्यातले वीर असे सगळे टाक मांडले, भंडारा उधळला, निरांजन लावलं आणि मग पहिला शब्द उच्चारला, “बसा.” देव आधी, माणसं मागून, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणून दार लावून त्या परत गेल्या.

आज सकाळी मुलाबरोबर सामान घेऊन आल्या, दार उघडलं, तर टाक नव्हते.

तेवढंच असतं तर कोणीही चोरी म्हटलं असतं. पण टाकांबरोबर कोनाडाही गेला होता. भिंत सपाट, गुळगुळीत आणि पांढरी होती. पॅच नाही, भेग नाही, ओल नाही.

“हेमा, तू भिंती वाचतेस म्हणून तुला बोलावलं,” जमनाबाई म्हणाल्या. “ही एक वाचून दे.”

हेमलताचं कामच ते होतं. ताबा घेण्याआधी लोकांची घरं तपासून द्यायची. फरशी पोकळ वाजते का, नळाखाली ओल आहे का, दार चौकटीत बसतं का. तिच्या पिशवीत ओल मोजायचं यंत्र, ओळंबा, टोकाला पोलादी गोळी असलेली काठी आणि सकाळच्या नैवेद्याच्या खडीसाखरेची डबी असे. काम कुठलंही असो, समोरच्याच्या हातावर आधी खडीसाखर ठेवल्याशिवाय ती सुरुवात करत नसे.

जमनाबाईंचा मुलगा उल्हास खिडकीपाशी उभा होता. हातावरची खडीसाखर तोंडात टाकून तो म्हणाला, “अक्का, मी स्पष्टच बोलतो. गेल्या महिन्यात आई गॅस चालू ठेवून बाजारात गेली होती. आता हा कोनाडा. असला कोनाडा इथे कधी नव्हताच, कंपनीवालेच सांगतात. टाक रिक्षात राहिले असतील, नाहीतर आणखी कुठे. ते जाऊ दे. पण आईला मी एकटं ठेवू शकत नाही. उद्या तिला महादेवपुऱ्याला घेऊन जातो आणि हे घर भाड्याने देतो.”

“ऐकलंस?” जमनाबाई हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. “माझं डोकं गेलं म्हणतो. आणि खरं सांगू? मलाही सकाळपासून तसंच वाटायला लागलंय. निरांजनाचा चटका बसला होता इथे, हे बघ बोट. मग भिंत अशी कशी? देव सापडले नाहीत तर मी त्याच्याबरोबर जाईन, हेमा. आपल्या देवांना जी विसरली तिने कुणाच्या भरवशावर एकटं राहायचं?”

हेमलताने त्या बोटाकडे पाहिलं. लालसर फोड होती खरी. पण चटका चुलीचाही असू शकतो.

“दिवेलागणीच्या आत सांगते,” ती म्हणाली आणि काठी हातात घेतली.

टक. टक. टक. भिंतीचा कोपरान् कोपरा तिने वाजवून पाहिला. आवाज सगळीकडे एकसारखा, भरीव. यंत्राचा काटाही हलला नाही. पुट्टी जुनी, कोरडी.

तिच्या कपाळावर आठी उमटली. कोणी कोनाडा बुजवला असता तर भिंतीने सांगितलं असतं. या भिंतीत कोनाडा कधी नव्हताच.

२

खालच्या साइट ऑफिसात दोघे जण एकाच नकाशावर वाकून बसले होते. साइट इन्चार्ज सुशांत पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, तिशीतला, एरवी नीटनेटका असावा. आज मात्र गालांवर दाढीचे खुंट वाढले होते. दुसरे त्रिविक्रम, कंपनीच्या आनेकलच्या कारखान्याचे प्रमुख. इमारतीच्या सगळ्या भिंती तिथे साच्यात ओतल्या जात आणि ट्रेलरवरून इथे आणून उभ्या केल्या जात.

“काकूंचं ऐकून खूप वाईट वाटलं,” सुशांत म्हणाला. “बुकिंगच्या वेळी त्यांनी कोनाड्याचं विचारलं होतं. मी फक्त ‘बघू’ म्हटलं. बेसिकली माझी चूक तेवढीच.”

“आणि मी ‘नाही’ म्हटलं,” त्रिविक्रम म्हणाले. “बाई, पूर्वी प्रत्येक मिस्त्री आपल्या मनाची भिंत बांधायचा. एका घरात तीन भिंती, तिन्ही तीन दिशांना झुकलेल्या. लोकांचा जन्म कपाटाखाली पुठ्ठे सारण्यात जायचा. आमच्याकडे साचा एक, भिंत एक. पहिल्या घराची जशी, तशीच शेवटच्या घराची.”

“आणि आतली माणसं?”

“ती ज्याची त्याने आणायची.”

सुशांत हसला, पण लगेच गंभीर झाला. “उद्या बाहेरून परीक्षक येतायत, मॅडम. भिंतीत एक जरी फरक सापडला तरी आमचं प्रमाणपत्र अडकतं. मग पुढचे दोन्ही टॉवर अडकले.”

“एका बाईच्या हट्टासाठी साचा मोडायला निघालो,” त्रिविक्रम म्हणाले, “तर उद्या कोणी झोपाळा मागेल, कोणी गोल खिडकी. चार बोटांच्या खळगीसाठी कारखाना थांबवायचा का?”

हेमलताने डबी उघडली. त्रिविक्रमांनी खडीसाखर घेतली, डोक्याला लावली आणि तोंडात टाकली. सुशांतने मात्र हात मागे घेतला.

“नको, मॅडम. सध्या चालत नाही.”

“साखर?”

“हो... म्हणजे, सध्या नको.”

त्याच्या खुर्चीमागे गणपतीची तसबीर होती. तिच्यावरचा हार वाळून तपकिरी झाला होता. खाली उदबत्तीचं घर मात्र जुन्या राखेने भरलेलं, म्हणजे इथे एरवी रोज कोणीतरी पूजा करत असणार.

“जमनाक्कांकडे किल्ली कशी? ताबा तर अजून दिला नाही तुम्ही,” हेमलताने विचारलं.

“कालचा मुहूर्त होता म्हणून मीच दिली,” सुशांत म्हणाला. “किल्लीचं काय, सगळ्या दारांना...” तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि वाक्य तिथेच राहिलं. फोनवर बोलत तो बाहेर गेला.

हेमलता उठली. काहीतरी कानात कुसळासारखं खुपत होतं. कोणीतरी काहीतरी जास्तीचं बोललं होतं. पण कोण आणि काय, ते काही केल्या आठवेना.

३

वर जायला लिफ्ट नव्हती. ती आज सकाळीच पहिल्यांदा सुरू झाली होती आणि आता परीक्षकांसाठी पुसायला घेतली होती. इमारतीच्या अंगाला लोखंडी पिंजरा होता, बांधकामाचा माल आणि माणसं वर नेणारा. तो मानसिंग चालवत असे.

“कितना, मॅडम?”

“सातवाँ.” तिने त्याच्याही हातावर खडीसाखर ठेवली. तो खूश झाला. पिंजरा खडखडत वर निघाला.

“कल अम्मा को आप ही ले गए थे?”

“हाँ. बोली कुछ नहीं. ऐसे किया.” त्याने आधी पूर्ण पंजा दाखवला, मग दोन बोटं. “हम समझ गए. सात.”

“शाम को कौन आया था?”

“सुशांत साहब राउंड पे थे. और अम्मा का बेटा आया था, एक एजेंट के साथ, सीढ़ी से. फ्लैट दिखा रहा था.”

देव गायब व्हायच्या आधीच उल्हास घर भाड्याने दाखवत होता? आईला भ्रम झाला असं ठरलं तर घर लगेच मोकळं होतं. पण मग कोनाडा? कोनाडा काही खिशात घालून नेता येत नाही.

पिंजरा थांबला. ती लांब बोळातून चालत गेली. दारावर ७०४ ची पाटी नव्हती. सकाळी होती असं तिला वाटलं होतं. पडली असेल, किंवा काढली असेल. जमनाबाईंची किल्ली लावली, दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. उल्हास आईला घेऊन जेवायला गेला असणार. पण त्यांची खोकी? तीही नव्हती. म्हणजे त्याने सामान हलवलंसुद्धा?

तिने पुन्हा तीच भिंत गाठली. दुसऱ्यांदा वाजवून पाहावी, इतकंच मनात होतं.

टक. टक. ठप्प.

ती थबकली. पुन्हा वाजवली. ठप्प, ठप्प. छातीच्या उंचीवर, ताटाएवढ्या जागेत भिंत पोकळ होती. यंत्र टेकवलं तर काटा सर्रकन वर चढला. पुट्टी ओली होती.

तासाभरापूर्वी याच भिंतीला तिने स्वतः वाजवून पाहिलं होतं. तेव्हा ती भरीव आणि कोरडी होती.

हेमलता खाली बसली. क्षणभर तिला जमनाबाईंसारखंच वाटलं. आपलंच डोकं फिरलं की काय?

मग तिचं लक्ष फरशीच्या कडेला गेलं. तिथे पिवळी भुकटी होती. तिने बोट लावलं, हुंगलं. हळद. भंडारा.

आणि वर, पोकळ जागेच्या मधोमध, सुईने टोचावं तसं एक बारीक भोक होतं. तिने नाक जवळ नेलं. आतून तूप जळाल्याचा वास येत होता.

४

खिडकीतून खाली पाहिलं तेव्हा पहिला धागा हाती लागला. सकाळी याच खिडकीतून शेजारच्या शेडचं पत्र्याचं छप्पर चांगलंच खाली दिसत होतं. आता ते जवळ आलं होतं.

ती जिन्याने एक मजला वर गेली. तिथे दारावर ७०४ ची पाटी होती. आत जमनाबाई खोक्यावर बसून होत्या, शेजारी उल्हास.

“जमनाक्का, तुमची किल्ली खालच्या घरालाही लागते!”

“अय्यो, असं कसं?”

असं कसं, ते तिने खाली जाऊन मानसिंगला विचारलं. तो म्हणाला, “पार्किंग एक. उसके ऊपर दो. हम तो जमीन से गिनते हैं.” पाट्या लावणारे मात्र पार्किंगला शून्य धरत होते. काल पाट्याच नव्हत्या. वरून खाली लावत लावत त्या आज सकाळी सातव्यापर्यंत आल्या होत्या.

मुकी बाई, बोटांनी दाखवलेला आकडा, सगळ्या कुलपांना एकच किल्ली, सगळी घरं एकसारखी. जमनाबाई खालच्याच घरात गेल्या होत्या. चुकलं असं वाटायलाही जागा नव्हती, कारण कोनाडा समोर होता. साऱ्या इमारतीत कोनाडा मागितला होता तो फक्त आपण, म्हणजे शेवटी कंपनीने ऐकलं, असंच त्यांनी धरलं.

पण कोडं सुटायच्या ऐवजी दुणावलं. जो कोनाडा कंपनीने नाकारला तो मुळात घडवला कोणी? आणि तोही परक्याच्या घरात? आणि बुजवला कोणी, देव आत ठेवून? चोर असता तर त्याने चांदी नेली असती. वैरी असता तर त्याने भोक कशाला पाडलं असतं?

ते भोक हेमलताच्या डोळ्यांपुढून हलेना. आत कोंडलेल्याला श्वास घेता यावा म्हणून कोणीतरी ते पाडलं होतं.

ऊन कलायला लागलं होतं. तिने सगळ्यांना सहाव्या मजल्यावर बोलावलं.

५

“आधी भिंतीचं बोलू,” हेमलता नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. “त्रिविक्रमसर, मी ऑफिसात कोनाडा म्हटलं. किती खोल, ते मी म्हटलं नव्हतं. जमनाक्कांनीही मला सांगितलं नव्हतं. तुम्ही ‘चार बोटांची खळगी’ म्हणालात.”

त्रिविक्रमांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

“काकू आनेकलला आल्या होत्या,” ते शेवटी म्हणाले. “बसने. टाकांच्या मापाच्या गाठी मारलेली सुतळी घेऊन. मी नाही म्हटलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘सरी’, बरं, एवढंच म्हणाल्या आणि सुतळी टेबलावर ठेवून निघून गेल्या. ती रोज समोर दिसायची. एका दिवशी साच्यात थर्मोकोलचा ठोकळा चिकटवला आणि एक भिंत ओतून घेतली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे सुतळ्या घेऊन आले असते.”

“आणि तिच्यावर ‘सातवा मजला’ लिहून पाठवलंत. पण जोडणारे मानसिंगसारखेच जमिनीपासून मोजतात,” हेमलता म्हणाली.

“सकाळपासून मीच चक्रावलोय, बाई. मी घडवलेली भिंत मलाच सापडेना. कारखान्यात राहून मला कधी कळलंच नाही की साइटवर सात म्हणजे सहा.”

“बुजवली पण तुम्हीच?” उल्हासने विचारलं.

“नाही,” हेमलता म्हणाली. “त्यांना भिंत इथे आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि उल्हास, तूही नाहीस. काल एजंटला घेऊन आलास, त्यामुळे माझा तुझ्यावर संशय होता, खोटं कशाला बोलू.”

“बघ रे,” जमनाबाई पुटपुटल्या, “भाडेकरू आधी, आई मागून.” उल्हास खाली पाहू लागला.

“ज्याने हे केलं तो देव मानणारा आहे,” हेमलता पुढे म्हणाली. “त्याला देव कोंडलेले बघवेनात म्हणून त्याने भोक पाडलं. मग त्याने टाक उचलून कपाटात का ठेवले नाहीत? किती सोपं होतं! एकच कारण सुचतं. त्याला देवांना शिवता येत नव्हतं. सुतक होतं.”

त्रिविक्रमांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“उल्हासला सुतक असतं तर ते त्याच्या आईलाही असतं आणि मग काल देव हललेच नसते. त्रिविक्रमसरांनी आणि मानसिंगने प्रसाद घेतला. एकाने घेतला नाही. त्याने दाढी केलेली नाही आणि त्याच्या गणपतीचा हार वाळलाय.”

सुशांत दारातच उभा होता, उंबऱ्याच्या बाहेर. तो आत आला नाही.

“काका गेले पुण्याला,” तो म्हणाला. “मी जाऊन आलो आणि लगेच ड्यूटीवर हजर झालो. उद्याच्या परीक्षेत सहावा मजला आहे. काल संध्याकाळी राउंडला आलो तर भिंतीत हे. मला वाटलं, कारखान्याचा डिफेक्ट. पाहिलं तर आत टाक, निरांजन तेवतंय. हात लावणार कसा? दुसऱ्या कोणाला सांगावं तर बोभाटा झाला असता. मग निरांजन आपोआप शांत होईपर्यंत इथेच बसलो. काकू, फुंकर नाही मारली. मग सिमेंटची पातळ फळी बसवली, वर पुट्टी मारली. उद्या परीक्षक गेले की काढणारच होतो.”

“आणि आज सकाळी?” हेमलताने विचारलं. “या तुमच्यासमोर रडल्या तेव्हा?”

सुशांत उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरला.

“उद्यापर्यंत त्या महादेवपुऱ्याला गेल्या असत्या. आपण खुळ्या झालो असं समजून. जन्मभरासाठी.”

उल्हास तावातावाने पुढे सरसावला, पण जमनाबाईंनी त्याचा हात धरला. त्या सुशांतजवळ गेल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

“सुतकात शिवला नाहीस ते चांगलं केलंस, बाळा. पण तोंड मिटून बसलास ते नाही. तोंड मिटायची वेळ वेगळी असते.”

त्रिविक्रमांनी स्वतःच्या हाताने फळी काढली. आत टाक जसेच्या तसे होते, खंडोबाच्या कपाळावर भंडारा, पुढ्यात काजळलेलं निरांजन. जमनाबाईंनी पदर तोंडाला लावला. उल्हास बराच वेळ आत बघत राहिला, मग आईच्या बोटावरच्या फोडीकडे. खिशातून फोन काढून त्याने एजंटला लावला. “घर बेडा, सार, द्यायचं नाही,” एवढंच बोलला आणि ठेवून दिला.

“मग आता हेच घर घेऊ की,” तो म्हणाला. “सगळी सारखीच तर आहेत.”

“हे दुसऱ्यांच्या नावावर रजिस्टर झालंय,” सुशांत म्हणाला. “पण...” त्याने त्रिविक्रमांकडे पाहिलं.

“पण ही आतली भिंत आहे, इमारतीचा भार तिच्यावर नाही,” त्रिविक्रम म्हणाले. “ही वर जाईल, वरची खाली येईल. केसभर फरक पडणार नाही. साचा एकच आहे ना.” मग जरा ओशाळून म्हणाले, “म्हणून तर मी साच्यासाठी भांडतो.”

“आणि परीक्षक?”

“त्यांना मी सांगेन,” सुशांत म्हणाला. “दोन्ही भिंती दाखवून. कोणी बुजवली तेही.”

“कोणी ओतली ते मी सांगेन,” त्रिविक्रम म्हणाले. “प्रमाणपत्र अडकलं तर अडकलं. भिंत दोन दिवसांत वर चढते.”

“तोवर देव पाटावर बसतील,” जमनाबाई म्हणाल्या. “त्यांना कुठे घाई आहे? पण इथून थेट वर न्यायचे नाहीत. वाटेतच थांबलेत ते. पुन्हा फाटकापासून यायला हवं.”

त्यांनी हात धुतले, टाक एकेक करून उचलले, पदराखाली घेतले. आणि मग कोणी काही विचारायच्या आतच त्यांचे ओठ मिटले.

उल्हास मागून निघाला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. हेमलता वरच्या घरात जाऊन पाट मांडायला लागली. बाहेर उजेड पिवळा झाला होता, दिवेलागणीला थोडाच अवकाश होता.

खाली जमनाबाई फाटकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि सावकाश चालत पिंजऱ्यापाशी आल्या. मानसिंगने जाळीचं दार सरकवलं.

“कितना, अम्मा?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पदराखालचे देव डाव्या हाताने छातीशी घट्ट धरले आणि उजवा हात वर केला. आधी पूर्ण पंजा. मग तीन बोटं.